रंगाचं पाणी कार्बनने निवळताना

सांगली जिल्ह्यात सूत रंगवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी सांडपाण्याच्या टाक्या सांभाळतो. आमच्या मागचा ओढा येरळेला मिळतो, आणि येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला. लालभडक पाणी त्या ओढ्यात गेलेलं मला खपत नाही. या कामावर नवीन कुणी आलं की त्याला पहिलं हेच सांगतो: कार्बनच्या, म्हणजे रंग शोषून घेणाऱ्या सच्छिद्र सक्रिय कोळशाच्या, गोणीला हात शेवटी लावायचा.

सुती धाग्याचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) सगळाच धाग्याला धरत नाही. प्रकारानुसार १० ते ५० टक्के पाण्यातच राहतो. सोबत मीठ आणि सोडा असतो; सोड्यामुळे पीएच १०-११ असतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी. अशा पाण्यात टाकलेला कार्बन वाया जातो. या रंगावर ऋण भार असतो आणि अल्कधर्मी पाण्यात कार्बनच्या पृष्ठभागावरही ऋणच भार येतो, त्यामुळे दोघं एकमेकांना लांब ढकलतात. म्हणून आधी आम्ल सोडून पीएच ७ च्या आसपास आणा, तुरटी टाका, गाळ बसू द्या. तुरटीने विरघळलेला रंग फारसा जात नाही, पण तंतू आणि गढूळपणा निघतो. नाहीतर त्यानेच कार्बनची छिद्रं बुजतात. वरचं निवळ पाणी घेऊन पीएच ५-६ वर आणा. आता कार्बन.

कोणता घ्यायचा? विक्रेता आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो तो आकडा) सांगेल, ९०० किंवा १०००. पण आयोडीनचा रेणू लहान, त्यामुळे हा आकडा बारीक छिद्रांचा हिशोब देतो. नारळाच्या करवंटीचा कार्बन त्यात पुढे असतो. रंगाचे मोठे रेणू मात्र त्या छिद्रांत नीट शिरत नाहीत. तेव्हा मेथिलीन ब्लू या आयोडीनपेक्षा मोठ्या रेणूच्या रंगाचा आकडा विचारा आणि लाकडापासून केलेल्या पावडरचाही नमुना मागवा. जास्त आयोडीन नंबर म्हणून जास्त पैसे मोजू नका.

मग आपल्याच पाण्यावर चाचणी घ्या. चार भांड्यांत एकेक लिटर पाणी घेऊन ०.५, १, २ आणि ३ ग्रॅम पावडर टाका, तासभर ढवळा, गाळणकागदातून गाळा आणि पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. पावडर दुप्पट केली म्हणून रंग दुप्पट जात नाही, हे इथे डोळ्यांना दिसतं. ज्या मात्रेपुढे फरक जाणवत नाही, ती आपली. शेड बदलली की चाचणी पुन्हा, कारण गडद काळा आणि फिका पिवळा एकाच मात्रेत निघत नाहीत.

पैसा वाचवणारी एक रीत: ताजा कार्बन शेवटच्या, फिकट पाण्याला द्या आणि तोच वापरलेला कार्बन नंतर पुढच्या खेपेच्या गडद पाण्यात टाका. फिकट पाण्यात थांबलेला कार्बन गडद पाण्यात आणखी रंग ओढतो.

पाणी काचेसारखं दिसलं तरी मीठ तसंच राहतं, कार्बन त्याला हात लावत नाही. टीडीएसची (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची) मर्यादा २१०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे; तिच्यासाठी आरओच (दाबाने पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) लागतो. बाहेर सोडण्याआधी पीएच ६.५ ते ८.५ मध्ये आणा.

वापरलेला कार्बन शेताच्या बांधावर टाकू नका. तो अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच जायला हवा. आणि दाणेदार कार्बन भरलेल्या बंद टाकीत एकट्याने कधीही उतरू नका: ओला कार्बन हवेतला ऑक्सिजन शोषतो. आधी ऑक्सिजन मोजा, हवा खेळती करा, तोंडाशी माणूस उभा ठेवा, मगच आत.