मारुती 800 चा क्लच घरी कसा दुरुस्त करावा

जानेवारी 2014 मध्ये मारुती 800 बनणं थांबलं, पण वऱ्हाडातल्या कोणत्याही बाजारगावी ती अजून दिसते. मागच्या सीटवर सरकीचं पोतं, डिकीत फवारणीचा पंप. हिचा क्लच साध्या वायरवर चालतो, म्हणून तो घरच्या अंगणात दुरुस्त होतो. मी अशा गाड्यांचे क्लच बरेचदा केले आहेत. गाडीवाला "क्लच त्रास देतो" म्हणाला की दहातले आठ जण गाडीला हात न लावता सांगतात, "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवा." प्लेट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी, अस्तर लावलेली चकती. हा सल्ला ऐकून माझं डोकं फिरतं. आधी दोष तर ओळखा.

क्लच घसरतो आहे (प्लेट पूर्ण पकडत नाही) की सुटत नाही (पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत), हे पहिल्यांदा ठरवा, कारण हे दोन्ही एकमेकांच्या उलट दोष आहेत.

घसरत असेल तर चढावर कळतं. रेस द्यावी तसा इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र तिथेच रेंगाळते आणि जळका वास येतो. खात्री करायची तर गाडी सपाट जागी घ्या, समोर माणूस नको. हँडब्रेक कचकचीत ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि थोडी रेस देत क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. तरीही चालत राहिलं तर घसरते आहे. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

सुटत नसेल तर पेडल तळापर्यंत दाबूनही रिव्हर्स टाकताना घर्रर्र होतं, पण इंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. पेडल दाबल्यावर किरकिर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचवर दाब देऊन तो सोडवणारी बेअरिंग, गेली. उलट न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबलं की थांबतो, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (प्लेटमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा, नवी प्लेट टाकून तो जाणार नाही. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर आधी इंजिनाची माउंटिंग रबरं हलवून बघा. आमच्या पांदण रस्त्यांवर ती फार लवकर तुटतात.

आता वायर. पेडल हाताने दाबा. जोर लागायच्या आधी ते सैलपणे साधारण 15 ते 25 मिमी खाली गेलं पाहिजे, यालाच प्ले म्हणतात. प्ले जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. बोनेट उघडा, वायर गिअरबॉक्सवरच्या ज्या आर्मला येऊन मिळते तिथला नट थोडा थोडा कसा आणि दर वेळी पेडल तपासा. प्ले अजिबात नसेल तर नट ढिला करा. प्लेट झिजत जाते तसा प्ले आपोआप कमी होतो, आणि तो संपला की रिलीज बेअरिंग सतत दाबात राहून प्लेट घसरायला लागते. "नट पूर्ण कसून टाक, क्लच हलका होईल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. असं कसून आणलेल्या गाडीची निळी पडलेली बेअरिंग मी काढली आहे. वायरचे तार उसवले असतील किंवा पेडल जड झालं असेल तर वायरच बदला, तेल सोडत बसू नका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं इथेच संपलं.

प्ले बरोबर असूनही क्लच घसरतो, किंवा ढिला करायला नटाला आटेच उरले नाहीत, तेव्हाच गिअरबॉक्स उतरवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गिअर ऑइल सोडा, चाकांचे शाफ्ट ओढा, स्टार्टर काढा, इंजिनाखाली लाकडी ठोकळा घालून आधार द्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. आत साचलेली काळी भुकटी फुंकू नका, जुन्या प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

प्लेटवर तेल दिसलं तर बोटाने घेऊन वास घ्या. काळं, पातळ असेल तर इंजिनाचं मागचं सील गळतं. घट्ट आणि उग्र गंधकी वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. सील न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसे नालीत घालणं. पेट्रोलने धुऊन, जाळून प्लेट पुन्हा वापरायचा सल्ला तर कानामागे टाका. रिव्हेटच्या वर अर्धा मिमीपेक्षा कमी अस्तर उरलं असेल तर प्लेट संपली. प्लेट, प्रेशर प्लेट (प्लेटला दाबून धरणारं स्प्रिंगचं झाकण) आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकाच्या) मधली छोटी बेअरिंग बोटाने फिरवून बघा, खरखर वाटली तर तीही बदला.

आता जे काम मला सगळ्यात जड गेलं ते. प्लेट बरोबर मध्यावर बसवणं आणि गिअरबॉक्स पुन्हा जोडणं.

पहिल्या वेळी मी प्लेट नजरेने मध्यावर धरली, प्रेशर प्लेटचे बोल्ट कसले आणि गिअरबॉक्स उचलला. तो बोटभर अंतरावर येऊन अडकला. पेरणी तोंडावर होती, दोघांनी मिळून ढकलला, सब्बल लावली, तरी हलेना. मग मी लांब बोल्ट घालून त्यांच्याच जोरावर तो ओढून घ्यायला लागलो. कट्ट आवाज झाला आणि हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाचा) बोल्टाचा कान तुटला. ती चूक दुसऱ्या हाउसिंगच्या पैशांत पडली. शेजारचे म्हातारे मिस्तरी येऊन पाहून म्हणाले, "भाऊ, बोल्ट ओढाले नसते, कसाले असते." तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. दोन्ही तोंडं हाताने पूर्ण मिळाल्याशिवाय एकही बोल्ट कसायचा नाही.

प्लेट मध्यावर आणायला भंगारातला जुना इनपुट शाफ्ट सगळ्यात उत्तम. नसेल तर वाढईकडून बाभळीचा दांडा घडवून घ्या, पुढचं टोक छोट्या बेअरिंगमध्ये जाईल असं आणि मागचा जाड भाग प्लेटच्या दातेरी भोकात घट्ट बसेल असा. प्लेटची बाजू बघा. ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू फ्लायव्हीलकडेच, आणि स्प्रिंगांचा फुगलेला भाग प्रेशर प्लेटकडे. उलटी बसली तर क्लच सुटणारच नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागेल. सहाही बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे कसत जा, तोवर दांडा आतच राहू द्या. शेवटी दांडा सहज बाहेर यायला हवा. अडकला तर बोल्ट ढिले करून पुन्हा.

इनपुट शाफ्टच्या दात्यांवर नखभर ग्रीस लावून जास्तीचं पुसून टाका. उरलेलं ग्रीस फिरताना उडून प्लेटवरच जातं. जोडताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते इंजिनाच्या वरच्या दोन भोकांत घाला, गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकत येतो. त्याचं वजन जॅकवर ठेवा, प्लेटवर टांगून ठेवलात तर तिचा मधला भाग वाकतो. शेवटचा अर्धा इंच अडला तर जोर लावू नका. गिअर टाका आणि सोबत्याला क्रँक पुलीचा नट पान्याने हळू फिरवायला सांगा. दाते जुळले की गिअरबॉक्स हलक्या ढकलीने ‘टप्’ करून बसतो. तो आवाज ऐकल्यावरच पाना हातात घ्या.

बाकी उलट क्रमाने जोडा, गिअर ऑइल भरा, प्ले पुन्हा लावा. पहिले काही दिवस जास्त ओझं टाकू नका, हाफ क्लचवर गाडी उभी ठेवू नका. आठवड्याने प्ले पुन्हा तपासा, नवी वायर थोडी ताणते.