प्रादेशिक योजना बदलतेय? आधी आपला सडा फिरून बघा

जिल्ह्याची प्रादेशिक योजना, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा नकाशा, सुधारायला घेतली अशी बातमी आली की आपल्याकडे कोकणात लोक दोनच गोष्टी विचारतात, माझ्या जमिनीतून रस्ता जातोय का आणि माझा झोन पिवळा, म्हणजे राहण्याचा, होणार का. ते विचारायलाच हवं, पण वाडीचं पाणी, गुरांची वाट, होड्या ओढायची जागा हे पण त्याच नकाशात ठरतं आणि त्याबद्दल बोलायला कोणी जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

शहराला विकास आराखडा असतो, बाकी ग्रामीण भाग प्रादेशिक योजनेत येतो, दोन्ही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायद्याखाली. नवीन प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की कलम १६ प्रमाणे हरकती-सूचनांना किमान ४ महिने मिळतात, नुसता फेरबदल असेल तर मुदत कमी, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखेवर जाऊ नका, राजपत्रातली नोटीस काढा आणि त्यावरची तारीख धरा. ४ महिने भरपूर वाटतात पण मध्ये आंब्याचा सीझन किंवा लावणी आली की गेलेच समजा.

म्हणून खरं काम प्रारूप यायच्या आधीचं. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा घ्या, मोठी झेरॉक्स काढा आणि गावातली दोन-चार जुनी माणसं घेऊन फिरा, त्यात बायका हव्यातच कारण कुठल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात टिकतं ते त्यांना बरोबर माहीत असतं. सगळ्यात जास्त वेळ सड्यावर, म्हणजे गावावरच्या सपाट कातळाच्या माळावर, द्या. सातबाऱ्यावर कातळ म्हणजे पोटखराबा, लागवडीला नालायक जमीन, सॅटेलाईटच्या फोटोत उन्हाळ्यात तो नुसता काळपट रिकामा पट्टा दिसतो, मग ऑफिसात बसून रंग भरणाऱ्याला उद्योगाचा जांभळा रंग द्यायला तीच जागा सापडते. पण सड्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यातून मुरतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्याने बाहेर येतं, त्यावर खालच्या वाडीच्या विहिरी आणि बागा जगतात. तर झरा कुठे, तो कुठल्या सड्याखाली आणि त्यावर किती घरं अवलंबून हे गट नंबरसकट नकाशावर मांडा. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि ती अशा ‘रिकाम्या’ सड्यांवरच आहेत. तुमच्या सड्यावर काही कोरलेलं असेल तर फोटो काढून ठेवा.

तसंच देवराई, पाणंद, व्हाळ (ओढा), खाजण (खाडीकाठची खारी जमीन), स्मशानाची वाट, मासे सुकवायची जागा. आणि पाणी कुठवर आलं होतं ते पण, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि महाडजवळ तळियेत दरड आली, त्या दिवशी तुमच्या गावात पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी कुणाच्या पडवीपर्यंत आलं हे माणसांना आठवतंय, नकाशाला नाही.

प्रारूप आलं की आधी रंगांची सूची वाचा, मग आपल्या गावाचा भाग आपल्या नकाशाशी ताडून बघा. सीआरझेड (समुद्र-खाडीकाठच्या बांधकामावरचे नियम) आणि पूररेषा वेगळ्या बघाव्या लागतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. योजनेत पिवळा रंग आला म्हणून सीआरझेड सुटत नाही, २०१९ च्या अधिसूचनेत २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी वस्तीच्या गावांना समुद्राच्या भरती रेषेपासून २०० मीटरचा ना-विकास पट्टा आहेच. एजंट लोक हे सांगत नाहीत.

आता हरकत. मागच्या वेळी आमच्या वाडीने एकच मजकूर झेरॉक्स करून सह्या गोळा केल्या, ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ एवढंच, गट नंबर नाही, मागणी नाही, सुनावणीला पाच मिनिटंही बोलता आलं नाही. ते अजून मनाला लागून आहे. त्यामुळे एका अर्जात एकच मुद्दा घ्या: गाव, गट नंबर, प्रारूपात काय दाखवलंय, जागेवर काय आहे आणि नेमकं काय हवं. उदाहरणार्थ, ‘गट नंबर अमुक औद्योगिक दाखवला आहे, त्याखालच्या झऱ्यावर वाडीतली ३० घरं पाणी भरतात, हा गट औद्योगिक विभागातून वगळावा.’ सोबत फोटो, नकाशाची कॉपी, सातबारा. कलम १४ मध्ये योजनेत काय काय घेता येतं ते दिलंय, त्यात जंगल, निसर्गसौंदर्य, ऐतिहासिक जागा, जमिनीची धूप, पूर हे विषय आहेत, तेव्हा ते कलम अर्जात लिहा. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

हरकत कोणीही देऊ शकतं, त्यामुळे मुंबईतल्या सहहिस्सेदारांनी पण आपापला अर्ज द्यावा, गणपतीला घरी आलात की आरतीनंतर अर्धा तास पुरतो. ग्रामसभेचा ठराव वेगळा घ्या, कोरमला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते लागतं, आणि ठरावात पण गट नंबर घाला, ‘गावाचा विरोध आहे’ एवढ्यावर थांबू नका.

सुनावणीला जाताना आपला फिरून केलेला नकाशा न्या आणि ज्याला झरा माहीत आहे त्यालाच बोलू द्या, उगाच पुढाऱ्याला पुढे करू नका. नंतर योजना मंजूर झाली की मंजूर नकाशा परत ताडून बघा, हरकतीचं काय झालं ते कळलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आणि सगळ्या पोचांची फाईल ग्रामपंचायतीत ठेवा, एक कॉपी घरी, कारण कलम २० खाली फेरबदलाची नोटीस मध्येच कधीही निघू शकते आणि तेव्हा नकाशा पुन्हा पहिल्यापासून करत बसायला वेळ नसतो.