घरी बांधलेला स्पेक्ट्रम ओळखायचा कसा आणि त्याचा भाव ठरवायचा कसा

झेडएक्स स्पेक्ट्रम हा सिंक्लेअर कंपनीचा छोटा संगणक १९८२ साली ब्रिटनमध्ये आला. सोव्हिएत संघात तो दुकानात मिळत नव्हता, म्हणून तिथल्या हौशी लोकांनी तो घरीच बांधला. सेर्गेई झोनोव यांनी १९८८ मध्ये आखलेला ‘लेनिनग्राड’ हा त्यातला फार गाजलेला आराखडा. असं एखादं बिननावाचं खोकं तुमच्या हाती आलं, तर घाई करू नका.

सगळ्यांत आधी, प्लग लावू नका. अस्सल स्पेक्ट्रम बाहेरून ९ व्होल्ट घेतो आणि त्याचे ५ व्होल्ट आत करतो. घरी बांधलेली यंत्रं बहुधा थेट ५ व्होल्टवर चालतात. चुकीचा अडॅप्टर लावला की चिपा जळतात. सोबत जुना पॉवर सप्लाय असेल, तर तो यंत्राला न जोडता मल्टिमीटरने तपासा.

मग झाकण उघडा. अस्सल बोर्डावर फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए नावाची एक खास चिप असते. चित्र, कीबोर्ड, टेप सगळं तीच सांभाळते. सोव्हिएत हौशींना ती मिळत नसे. त्यामुळे घरी बांधणाऱ्याने तेच काम साध्या लॉजिक चिपांची रांगच्या रांग लावून केलेलं दिसेल. रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, चिपाही मोजा. अस्सल ४८के (४८ किलोबाइट स्मृतीच्या) यंत्रात अशा १६ चिपा असतात, लेनिनग्राडमध्ये के५६५ आरयू५ जातीच्या फक्त आठ. प्रोसेसरच्या जागी अस्सल यंत्रातल्या झेड-८० ऐवजी पूर्व जर्मनीचा यू८८० दिसला तर दचकू नका, तो त्याचाच जुळा आहे.

चिपांवरचे चार आकडी शिक्के वहीत उतरवून घ्या. ‘८९’ने सुरू होणारा शिक्का म्हणजे १९८९, पुढचे दोन आकडे आठवड्याचे किंवा महिन्याचे. सोल्डर केलेल्या चिपांपैकी सर्वांत अलीकडची तारीख बघा, यंत्र त्याआधी पुरं झालेलं नाही. एकच चिप बाकीच्यांपेक्षा बरीच नवी असेल, तर ती बहुतेक दुरुस्तीत बदललेली.

आता बोर्ड उलटा करा. माझ्या मते खरी ओळख इथेच पटते. तांब्याच्या रेषा हाताने रंगवून रसायनात कोरलेल्या असतील तर त्यांची जाडी कमीजास्त होते, वळणं गोलसर येतात. बोर्ड छापील आणि सोल्डरचे थेंब मात्र लहानमोठे, असं असेल तर कोरा बोर्ड विकत आणून घरी जोडलेला आहे. सर्वत्र एकसारखं सोल्डर, तपासणीचा शिक्का, अनुक्रमांकाची पुस्तिका हे सगळं असेल, तर ते बेलारूसमधल्या ब्रेस्टच्या ‘बाइट’सारखं कारखान्यातलं यंत्र. आपल्याकडे १९८६ मध्ये आलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’सुद्धा परवाना घेऊन काढलेला होता; त्याला घरगुती म्हणू नका.

काही बोर्डांवर रॅमच्या चिपांच्या पाठीवर दुसऱ्या आठ चिपा बसवलेल्या असतात. प्रत्येक वरच्या चिपेचा एक पाय बाहेर वाकवलेला, त्याला केसासारखी बारीक तार. १२८के करण्यासाठी कुणीतरी रात्री जागून केलेलं हे काम आहे. याला खोट समजू नका, याने मोल वाढतं.

व्होल्टेज बरोबर आहे याची खात्री झाली की यंत्र सुरू करा. पडद्याच्या तळाशी १९८२ चा सिंक्लेअरचा हक्कसंदेश दिसला म्हणून ते अस्सल ठरत नाही, कारण रॉम, म्हणजे कायमचा प्रोग्राम साठवलेली चिप, नक्कल केलेलाच असतो. स्पेक्ट्रममध्ये एका कळीने पूर्ण आज्ञा उमटते; J ही कळ दाबल्यावर अख्खा ‘लोड’ (LOAD) शब्द उमटला, तर कीबोर्ड आणि रॉम दोन्ही शाबूत आहेत असं धरायला हरकत नाही.

भाव ठरवताना लोक किती मागतात ते पाहू नका, प्रत्यक्ष किती रुपयांना विकलं गेलं ते पाहा. अस्सल स्पेक्ट्रमचा दर लावू नका आणि चिपांची बेरीजही करू नका. कारखान्यातल्या यंत्राशी तुलना करून घरगुतीला कमी लेखणं मला पटत नाही. छापील बोर्डाचं यंत्र दुसरं मिळू शकतं, हाताने कोरलेलं तसंच दुसरं मिळत नाही. हाताने काढलेला आराखडा, टेपा, बांधणाऱ्याचं पत्र, कुणाकडून आलं याची माहिती सोबत असेल, तर बंद पडलेल्या यंत्रालाही जास्त द्यावेत. उलट सगळ्या चिपा नव्या घातलेल्या, खोकं रंगवून चकचकीत केलेलं, असं असेल तर भाव उतरवा.

विकत घेतलंत तर आधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा. रॉमच्या काचेवरची चिकटपट्टी सोलू नका. उजेडातल्या अतिनील किरणांनी आतला मजकूर हळूहळू पुसला जातो. कपॅसिटर बदलावेच लागले, तर जुने पाकिटात घालून, वर जागा लिहून खोक्यातच ठेवा.