नागपूर ते मुक्तिनाथ: तंबू घेऊन मोटारसायकलवर सीमेपार

सामान बांधून झालं की ते सगळंच्या सगळं गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवा. आकडा २५ किलोच्या वर गेला, तर घरी परत या आणि काहीतरी काढा. ३५०-४०० सीसीची गाडी याहून जास्त वजन सहज ओढते, त्यामुळे इंजिनची काळजी नको. नेपाळात बेनी गावाच्या पुढे ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी आडवी झाली की ती एकट्याला उभी करता आली पाहिजे. सगळी तयारी या एका हिशेबाने करायची.

हिशेब साधारण असा बसतो: तंबू अडीच किलो, स्लीपिंग बॅग पावणेदोन, मॅट अर्धा-पाऊण, शेगडी आणि भांडी दीड, हत्यारं आणि सुटे भाग साडेचार, कपडे आणि रेनकोट पाच, पाणी तीन, खाणं दोन, औषधं-कागद-चार्जर दोन. हे तेवीसच्या आसपास येतं. वजन वाढतं ते जवळजवळ नेहमी कपड्यांमुळे. अंगावरचा एक आणि बॅगेतले दोन जोड पुरतात. नायलॉनचे कपडे रात्री धुतले की सकाळी वाळतात, जीन्स वाळत नाही.

हत्यारं आणि सुटे भाग साइड बॅगेत सर्वांत तळाशी, मागच्या माणसाच्या पायऱ्यांच्या जवळ ठेवा. तंबू सीटवर आडवा, पाठीला लागून. मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे फक्त हलक्या वस्तू. शेपटीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, सत्तर-ऐंशीच्या वेगाला हँडल थरथरायला लागतं आणि घाटात गाडी वळणाबाहेर पळते. बांधायला हुकवाली रबरी दोरी नको. ती ताणली जाते आणि सुटलेला हुक थेट चाकात जातो. २५ मिलिमीटर रुंदीचे बकलवाले पट्टे घ्या, लोंबणारी टोकं गुंडाळून बांधा आणि मनसर आलं की थांबून एकदा पुन्हा आवळा. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये सामान बसतं आणि पट्टे सैल होतात.

वजन चढलं की गाडीच्या तीन गोष्टी बदलतात. मागच्या शॉकचं स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करा. हेडलाइटचा झोत वर जातो, तो खाली घ्या. चेन मात्र सगळ्यांत महत्त्वाची. बहुतेक गाड्यांना चेनमध्ये २५ ते ३० मिलिमीटर खेळ, म्हणजे वर-खाली हलायची मोकळीक, लागतो (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात), पण गाडी दबली की हा खेळ कमी होतो. रिकाम्या गाडीवर चेन घट्ट केली, तर भरलेल्या गाडीवर ती तारेसारखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. म्हणून सामान लादून, वर माणूस बसवून एकदा खेळ बघाच. जाऊन-येऊन अंतर ३,००० किलोमीटरच्या आसपास होतं. दर ५०० किलोमीटरला चेनला तेल द्यायचं, धूळ-पाऊस लागला तर त्याआधीच. तेल संध्याकाळी, चेन गरम असताना द्या म्हणजे रात्रभरात आत मुरतं.

कधी निघायचं

मे महिन्याच्या सुट्ट्यांचा मोह टाळा. नागपूर ते वाराणसी हा पट्टा त्या दिवसांत ४५ अंशांच्या आसपास तापतो, जॅकेट घालवत नाही, आणि जॅकेट काढून चालवणं हा त्याहून वाईट उपाय. जून ते सप्टेंबर नेपाळच्या डोंगरात दरडींचे दिवस. डिसेंबर-जानेवारीत वाराणसी-गोरखपूर आणि नेपाळच्या तराईत दहा फुटांवरचा ट्रक दिसत नाही असं धुकं पडतं. उरतात ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा शेवट आणि मार्च. नेपाळमध्ये दसैं म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत कार्यालयं बंद आणि बस खच्चून भरलेल्या असतात. ते आठ-दहा दिवस सोडून निघा.

निघण्याच्या महिनाभर आधी संपूर्ण सामान लादून चिखलदरा करा. परतवाड्यानंतरचा घाट, हजार-अकराशे मीटर उंची आणि थंडीची रात्र, तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात. ही सहल नाही, चाचणी आहे. ब्रेक, शॉक, पट्टे, तंबू, झोप यातलं जे चिखलदऱ्याला बोचेल ते मुक्तिनाथच्या अलीकडच्या जोमसोमला चावेल.

कागद

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात हवं. आधार कार्डावर भिस्त ठेवू नका: ते फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या व्यक्तींना चालतं. गाडीचं आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी मूळ प्रत किंवा कार्ड स्वरूपात आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स घ्या. मोबाइलमधलं डिजिलॉकर सीमेवर धरून चालू नका. गाडी स्वतःच्या नावावर असलेली बरी. भावाची किंवा मित्राची नेली तर खिडकीवरची प्रश्नोत्तरं वाढतात.

विम्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपली साधी पॉलिसी भारताबाहेर लागू होत नाही. नेपाळ, भूतान, बांगलादेश वगैरे शेजारी देशांसाठी भौगोलिक विस्ताराची जोडणी जादा हप्ता भरून मिळते. एजंटला तोंडी विचारून सोडू नका, पॉलिसीवर ती लिहून आलेली बघा.

नेपाळ-भूतानसाठी कार्नेट लागत नाही. इराणच्या दिशेने पुढे जायचं असेल तेव्हा ते लागतं. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट. गाडी त्या देशात विकणार नाही याची हमी म्हणून पैसे किंवा बँक गॅरंटी अडकवावी लागते, आणि प्रत्येक देशात येताना-जाताना दोन्ही शिक्के लागतात. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर तो देश जकात मागू शकतो आणि हमीचे पैसे धोक्यात येतात. भारतात ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं. गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओत मिळतो, त्याची मुदत एक वर्ष.

सीमेपर्यंतचा रस्ता

नागपूर, सिवनी, लखनादौन, जबलपूर, कटनी, मैहर, रीवा, मिर्झापूर, वाराणसी, गोरखपूर, सोनौली: १,०५० ते १,१०० किलोमीटर. तीन दिवस ठेवा. पहिला मुक्काम कटनी, दुसरा वाराणसीच्या बाहेर, तिसरा सोनौलीच्या अलीकडे. दोन दिवसांत होतं, पण मग तिसऱ्या दिवशी डोंगर चढताना हात जड होतात. पेंचच्या जंगलातला पट्टा उजेडात काढा. प्राण्यांसाठी रस्ता उंच पुलांवर घेतला आहे खरा, पण पूल सगळीकडे नाहीत. या तीन रात्री तंबू उघडू नका. हमरस्त्याच्या कडेला ट्रकचा आवाज, डास आणि चोरीची धास्ती यापलीकडे काही मिळत नाही. गाडी आत लावता येईल असा लॉज बघा.

सोनौली सकाळी ओलांडा. पलीकडे बेलहिया. तिथे गाडीची भन्सार, म्हणजे जकातीची पावती, दिवसांच्या हिशेबाने फाडतात, आणि वाहतूक परवाना वेगळा घ्यावा लागतो. दोन खिडक्या, दोन कागद. भन्सार न घेता पुढे निघालेली गाडी पुढच्या नाक्यावर अडकते आणि दंड भरूनच सुटते. दिवस मोजताना दोन जादा धरा: दरड पडून रस्ता बंद झाला तर मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. भारतीय गाडीला वर्षभरात ३० दिवसांची मर्यादा आहे. पावती प्लास्टिकच्या पाकिटात अंगावर ठेवा, बॅगेत नको. पोलिस हीच मागतात.

भारतीय १०० रुपयांबदल्यात नेपाळी १६० असा दर पक्का आहे. जवळ शंभराच्या नोटा ठेवा. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात.

डोंगरात

बुटवलच्या लगेच पुढचा सिद्धबाबाचा पट्टा दगड पडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे फोटोला थांबू नका. पहिली रात्र तानसेन, दुसरी पोखरा. पोखऱ्यात एक दिवस विसावा, नट-बोल्ट आवळणं, आणि अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना. तो मुक्तिनाथच्या वाटेवर लागतोच. कागबेनीच्या उत्तरेला वरच्या मुस्तांगचा परवाना वेगळा आणि महाग, या फेरीत तो सोडा.

पोखरा सुमारे ८०० मीटरवर आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. अंतर पावणेदोनशे किलोमीटर, म्हणून एका दिवसात जाण्याची हाव सुटते. तसं गेलेले बरेच जण रात्रभर डोकं धरून बसतात. एक रात्र कालोपानीला (अडीच हजार मीटर), दुसरी मार्फा किंवा जोमसोमला, तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ आणि झोपायला पुन्हा खाली, असं करा. डोकेदुखीसोबत उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं तर गोळीची वाट बघू नका, ५०० मीटर तरी खाली उतरा.

त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिनची ताकद तीसेक टक्क्यांनी कमी होते. बीएस-६ ची इंजेक्शनवाली गाडी पेट्रोल आपोआप कमी करते. जुनी कार्बोरेटरची काळा धूर सोडते आणि प्लग काळा पडतो. दोन्हींना एक गिअर खाली ठेवूनच चढवा, अर्ध्या क्लचवर नव्हे. जळक्या क्लचप्लेटचा वास आला म्हणजे उशीर झाला.

टायरच्या हवेबद्दल सल्ले उलटसुलट मिळतात. नागपुरात ३५ अंशाला ३२ पीएसआय भरलं आणि मुक्तिनाथला शून्य अंशाला मोजलं, तर थंडीने आकडा पाचेक पीएसआय उतरायला हवा. पण बाहेरच्या हवेचा दाबही तिथे तितकाच कमी असतो, त्यामुळे गेज पुन्हा ३२ च्या आसपासच दाखवतं. म्हणून ‘डोंगरात हवा कमी करा’ हे डोळे झाकून ऐकू नका. रोज सकाळी, चाक थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजा. खडीवर दोन-तीन पीएसआय कमी केलेत, तर डांबरावर आल्यावर परत भरा.

ओढा आला की आधी पायी उतरून बघा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर जीप जाईपर्यंत थांबा. उतरताना पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये क्लच दाबायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि एअर फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका आली, तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग क्रँक फिरवा, पाणी बाहेर उडू द्या. लांब उतारावर ब्रेक दाबून धरू नका, गिअरवर उतरा. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर निघण्याआधीच बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, मग गरम झाल्यावर आत वाफ धरते आणि लिव्हर स्पंजासारखा होतो.

बरोबर घ्यायचे भाग: क्लच आणि थ्रॉटलच्या केबल (नवी क्लच केबल जुनीच्या शेजारी आधीच ओवून बांधून ठेवा, तुटल्यावर पाच मिनिटांत जोडता येते), क्लच-ब्रेकचे लिव्हर, एक प्लग, चेनचं जोडलिंक, फ्यूज, पुढची ट्यूब. पुढची ट्यूब अडचणीत मागेही चालते, मागची पुढे बसत नाही. शिवाय तीन टायर लिव्हर, हवेचा छोटा पंप, बारीक तार, झिपटाय आणि एम-सील. दगडाने इंजिनच्या कव्हरला भोक पडलं तर तेल पेट्रोलने पूर्ण पुसूनच एम-सील लावा. तेलकट धातूवर ते धरत नाही.

तंबू

काली गंडकीच्या खोऱ्यात सकाळी दहा-अकरानंतर जो वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. गाडी चालवून वारा पडायच्या आधी मुक्कामाला पोचलात, तर भिंतीच्या किंवा घराच्या आडोशालाच तंबू लावा. पाठ वाऱ्याकडे, दार उलट बाजूला. नदीच्या गोट्यांत खुंट्या जात नाहीत, दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. पात्रात तंबू नको. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी रात्री येतं. मालकाला विचारून सफरचंदाच्या बागेशेजारी किंवा गेस्ट हाउसच्या अंगणात जागा बहुधा मिळते. सकाळी चहा-नाश्ता तिथेच घ्यावा, हा शिष्टाचार. चितवनसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास उघड्यावर झोपू नका, तिथे गेंडे आहेत.

तंबूखालचं प्लास्टिक तळापेक्षा चार बोटं लहान कापा. बाहेर आलेलं प्लास्टिक पाऊस गोळा करून तुमच्या पाठीखाली नेतं. गाडीचा साइड स्टँड मऊ मातीत रुततो, खाली लाकडाचा चपटा तुकडा ठेवा. स्लीपिंग बॅगेवरच्या आकड्यांपैकी ‘कम्फर्ट’ हाच आपला. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे त्या थंडीत जीव वाचेल, झोप लागेल असं नव्हे. नोव्हेंबरसाठी कम्फर्ट उणे पाच घ्या. चांगली बॅग असूनही थंडी वाजते ती बहुतेक वेळा खालून, कारण अंगाखाली दबलेलं बॅगेतलं भरण ऊब धरत नाही. त्यासाठी जाड मॅट.

लांब नळीच्या स्वस्त गॅसच्या डब्यात मुख्यतः ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या आसपास गॅस व्हायचाच थांबतो. पोखऱ्यात ट्रेकिंगसाठीचे मिश्र गॅसचे डबे मिळतात, ते घ्या. शेगडी तंबूच्या आत कधीच नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुक्तिनाथला पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तर्रीसाठी चणे शिजवत बसलात तर गॅस संपेल, चणे कच्चेच राहतील. पोहे मात्र भिजवले की झालं. घरून फोडणीचा कोरडा मसाला बांधून न्या. सातूचं पीठ आणि संत्र्याची बर्फी थंडीत उपाशीपोटी चालवण्यापेक्षा बरी.

परतीला बेनीत एअर फिल्टर काढून झटका, मुस्तांगची पांढरी धूळ त्यात ठासलेली असते, आणि ब्रेकपॅडची जाडी बघा. तंबू ओला गुंडाळून आणला असेल तर नागपुरात पोचल्याच्या दिवशीच उघडा, नाहीतर आतलं कोटिंग चिकट होऊन सुटतं. गच्चीवर नको, पंख्याखाली वाळवा. आपल्याकडचं ऊन नायलॉन खातं.