किती वाजता, किती लुगडी

माझा पहिला मुलाखतीचा फॉर्म मी पाऊण तासात भरून टाकला होता. नीट अक्षरात, एकही रकाना न सोडता. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर चुकीचं होतं. मातृआरोग्याच्या संशोधनात येऊ पाहणारे मला विचारतात, सुरुवात कुठून करायची, तेव्हा मी त्यांना आधी या फॉर्मबद्दल सांगते.

बी.एच.एम.एस. करून मी एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) केलं आणि अकरा महिन्यांच्या करारावर एका प्रकल्पात लागले. बाळंतपणात मरता मरता वाचलेल्या बायकांना भेटायचं, त्यांच्यावर काय गुदरलं ते तासातासानं लिहून घ्यायचं, हे काम. संशोधनात अशा केसला ‘निअर मिस’ म्हणतात. पहिली भेट सातपुड्यातल्या एका पाड्यावर होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते आहे.) बाळंतपणानंतर बाईला खूप रक्त गेलं होतं, तिसऱ्या दवाखान्यात रक्ताची बाटली मिळाली आणि ती वाचली. मी गेले तेव्हा बारा दिवस झाले होते. ती झोळीला झोका देत बसली होती, सासू बोलत होती, आणि सोबत आलेली आशाताई मला मराठीत सांगत होती. सासू म्हणाली, सकाळी दवाखान्यात नेलं. आशाताई म्हणाली, यांनी उशिरा कळवलं. मी ‘पहिला उशीर’ या चौकोनात बरोबरची खूण केली आणि परतीची गाडी धरली.

या ‘उशीर’ शब्दाचा अर्थ आधी सांगायला हवा. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले. पहिला, मदत घ्यायची हे ठरवण्यातला. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळण्यातला. आजही या विषयातल्या बहुतेक प्रश्नावल्यांच्या मागे हीच मांडणी असते. मांडणी चांगली आहे, पण नवख्या माणसाच्या हातात तिचा एक धोका आहे. पहिला उशीर लिहिणं सगळ्यात सोपं जातं. ‘घरच्यांनी वेळेवर आणलं नाही’ एवढं लिहिलं की पुढे कुणालाच काही विचारावं लागत नाही.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी फॉर्म पाहिला आणि तीनच प्रश्न विचारले. कळा किती वाजता सुरू झाल्या? पहिला फोन कुणी केला? किती वाजता? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. मी परत गेले. या वेळी आशाताईला सोबत न घेता, जवळच्या गावातल्या कॉलेजात शिकणारी, तिथली बोली जाणणारी एक मुलगी घेऊन. नवरा घरी होता. त्यानं काच तडकलेला मोबाईल काढून कॉलची यादीच दाखवली. रात्री ११:४२, १०८. ११:५८, पुन्हा १०८. १२:३५, आशाताई. १:५०, जीपवाला. पाड्यावर नेटवर्क नाही, त्यामुळे प्रत्येक फोनसाठी तो वरच्या टेकडीवर चढला होता. १०८ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. जीप आली, पहाटे चारच्या सुमारास ते पहिल्या दवाखान्यात पोचले, तिथं बाळंतपण झालं, रक्त थांबेना म्हणून पुढे पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी रक्त नव्हतं. तिसरीकडे पोचले तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. सासूच्या लेखी ‘दवाखाना’ म्हणजे जिथं रक्त मिळालं तो. म्हणून ‘सकाळी नेलं’. तिचं काही चुकलं नव्हतं. तिचं बोलणं मला कळलं नव्हतं.

त्या कुटुंबानं निर्णय घ्यायला अजिबात उशीर केला नव्हता. मी मात्र माझ्या एका खुणेनं तो त्यांच्या नावावर टाकला होता. ती खूण तशीच राहिली असती तर पुढे टक्केवारीत गेली असती, आणि त्या टक्केवारीवरून कुणीतरी ‘आदिवासी कुटुंबांचं प्रबोधन’ असा उपाय सुचवला असता. खरी गरज होती दुसऱ्या गाडीची आणि रक्ताची.

म्हणून माझा पहिला सल्ला वेळेबद्दल आहे. ‘किती वाजता?’ असं सरळ विचारलं तर बऱ्याचदा उत्तर मिळत नाही, कारण कळा सोसणारी बाई घड्याळाकडे बघत नसते. पण खुणा सगळ्यांकडे असतात. मुक्कामी एस.टी. सुटली होती का? चूल पेटली होती का? कोंबडा आरवला होता? शाळेत पोरं गेली होती? भेटीला जाण्याआधी त्या मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून घ्या. मोबाईलमधला कॉल, जीपवाल्याची आठवण, दवाखान्याच्या रजिस्टरमधली दाखल झाल्याची वेळ, हे सगळं एका रेघेवर मांडा. दोन नोंदींमध्ये मोठी फट दिसली की तिथं पुन्हा विचारायला जा. मी आजही आडवा कागद घेऊन हातानं रेघ मारते. कॉम्प्युटरवर हे काम नंतर करता येतं.

रक्ताचंही असंच आहे. आमच्या प्रश्नावलीत ‘रक्तस्राव झाला का?’ असा प्रश्न होता. घरात हा शब्द कोण वापरतं? ‘अंगावरून जात होतं का?’ म्हटलं तर पुष्कळ बायकांना वाटतं, पांढऱ्याबद्दल विचारते आहे. शिवाय बाळंतपणात रक्त जायचंच, गेलेलं बरंच, अशी समजूत असते, म्हणून ‘काही विशेष नाही’ असं उत्तर येतं. एका वयस्क सुईणीनं मला नीट विचारायला शिकवलं. किती लुगडी भिजली? खालची गोधडी धुतली की फेकून दिली? वार पडायला किती वेळ लागला? या तीन प्रश्नांनी जे कळतं ते ‘होय / नाही’च्या चौकोनात कधीच कळत नाही.

आणि अंदाज फक्त घरच्यांचाच चुकतो असं समजू नका. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, बाळंतिणीच्या खाली प्लॅस्टिकची मापाच्या खुणा असलेली पिशवी लावून रक्त मोजलं, आणि दुसरीकडे नुसतं डोळ्यांनी बघून अंदाज केला. डोळ्यांचा अंदाज पिशवीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की तो अतिरक्तस्राव धरायचा, पण अंदाजच तोकडा असेल तर धोक्याची घंटा वाजणार कधी? त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातलाच आणखी एक अभ्यास छापून आला. १,६२० बायका, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतली बाळंतपणं, आणि नर्सबाईंनी दिलेल्या, रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. पुढे मापाची पिशवी आणि एकाच वेळी द्यायचे उपचार यांची सांगड घालून केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग झाला, दोन लाखांवर बाळंतपणांचा. २०२३ मध्ये निकाल आले. तीव्र रक्तस्राव, त्यापायी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. एका साध्या पिशवीचा हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. नवीन येणाऱ्यांनी हे लेख मुळातून वाचावेत. विशेषतः पद्धतीचा भाग, जो आपण सगळे गाळून पुढे जातो.

याच्या उलट निकालाचा अभ्यासही तितक्याच मनापासून वाचा. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांतल्या १२० केंद्रांवर बाळंतपणासाठीची तपासणी यादी आणि सोबत नर्सना मार्गदर्शन, असा ‘बेटरबर्थ’ प्रयोग झाला. दीड लाखांवर बाळंतपणं त्यात होती. नर्सचं काम सुधारलं, हात धुण्यापासून औषधापर्यंत. पण २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा आया आणि बाळांच्या मृत्यूंत फरक पडलेला नव्हता. माझा यावरून झालेला समज असा, की यादी नर्सला आठवण करून देते, पण रक्त, भूलतज्ज्ञ आणि गाडी आणून देत नाही. व्यवस्थेचा अभ्यास करायचा तो यासाठी.

आकड्यांबद्दल थोडं. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टानुसार २०३० पर्यंत जगभरात हा आकडा ७० च्या खाली आणायचा आहे. म्हणजे महाराष्ट्रानं गाठलं, मग अभ्यास कशाला, असं मलाही एका परीक्षकांनी विचारलं होतं. राज्याच्या सरासरीत पाडे दिसत नाहीत, हे एक उत्तर. दुसरं हिशेबाचं. ३३ च्या दरानं, वर्षाला ३०० बाळंतपणं होणाऱ्या केंद्रात सरासरी दहा वर्षांत एक मृत्यू होईल. मग एका तालुक्यात वर्षभर काम करून ‘मृत्यू कमी झाले’ असं सिद्ध करण्याचा प्रस्ताव लिहू नका. तो आकडा तुम्हाला काहीच सांगणार नाही. निअर मिस मोजा, वेळ मोजा, रक्त किती मिनिटांत मिळालं ते मोजा. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. ‘बायका दवाखान्यात का येत नाहीत?’ हा प्रश्न आता बऱ्याच ठिकाणी जुना झालाय. आल्यावर त्यांना काय मिळतं, हे विचारा.

शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. डॉक्टरच असावं लागतं असं नाही. नर्सिंग, समाजकार्य, संख्याशास्त्र, मानववंशशास्त्र, कुठूनही येता येतं. आकड्यांची आवड असेल तर देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था बघा, सार्वजनिक आरोग्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्था. परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था, पुण्याचं केईएम संशोधन केंद्र, गडचिरोलीची ‘सर्च’ यांचं काम वाचा. ‘सर्च’चा १९८९ चा अभ्यास तर वाचाच. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के जणींना स्त्रीरोगविषयक आजार निघाले, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. नोकऱ्या बहुतेक कराराच्या असतात, प्रकल्प संपला की संपतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नैतिकता समितीची मंजुरी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र यांत महिनोन् महिने जातात. तो काळ बोली शिकण्यात घालवा.

संमतीपत्राचं मात्र मनावर घ्या. अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असं नाही. ‘नाही म्हटलंस तरी तुझं दवाखान्यातलं काहीही बंद होणार नाही’ हे वाक्य तिच्या बोलीत, सासू आणि आशाताई नसताना, सावकाश सांगा. आशाताई चांगली नसते असं नाही. तिच्यासमोर तिच्याबद्दल किंवा सिस्टरांबद्दल कुणी बोलत नाही, इतकंच. आणि सिस्टरांकडे तपासनीस म्हणून जाऊ नका. डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, आणि तिथल्या सिस्टरला गृहभेटी, लसीकरण आणि रजिस्टरं हे सगळं करायचं असतं. माझ्या वह्यांतल्या सगळ्यात खऱ्या नोंदी एका सिस्टरच्या आहेत. रात्रपाळी संपल्यावर चहा पिता पिता तिनं सांगितलं की रेफर केलेली बाई पुढे जगली की गेली, हे तिला कुणी कधी कळवतच नाही.

आता मी मुलाखती घेणाऱ्या मुलामुलींची निवड करते, तेव्हा त्यांच्यासमोर एक रेफर चिठ्ठी ठेवते, नावगाव झाकलेली. काय दिसतंय, विचारते. बहुतेक जण निदान वाचतात, हिमोग्लोबिन वाचतात, रक्तदाब जास्त आहे म्हणतात. मध्यंतरी एका मुलीनं चिठ्ठी उलटसुलट केली आणि विचारलं, “मॅडम, हिला इथून किती वाजता काढलं?” तो रकाना कोरा होता. ती सोमवारी रुजू झाली.