स्लेटच्या ओसाड खाणींचे फोटो काढायला निघताना

वेल्समध्ये फोटोग्राफी शिकत होते तेव्हा माझा बहुतेक मोकळा वेळ लानबेरिस गावासमोरच्या डिनॉर्विक खाणीत जायचा. एलिदिर वाउर डोंगराचा उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेली ही स्लेटची, म्हणजे पातळ थरांत चिरता येणाऱ्या छपराच्या दगडाची, खाण 1969 मध्ये बंद पडली. भरभराटीच्या दिवसांत इथे 3,000 हून अधिक माणसं राबत होती. वायव्य वेल्समधला हा सगळा स्लेटचा मुलूख 2021 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं एकच कळकळीचं सांगणं असतं: आधी इथलं काम समजून घ्या. गंजलेलं लोखंड आणि पडकी भिंत कुणालाही भुलवते, पण तसले फोटो कुठल्याही बंद कारखान्यात मिळतात. दगड कुठे फोडला, कुठे चिरला, कुठून खाली गेला हे एकदा डोक्यात बसलं की कॅमेरा कुठे लावायचा हे जागाच सांगते.

इथले इन्क्लाइन, म्हणजे उतारावरचे रूळमार्ग, घ्या. माथ्यावर दगडी ड्रमघर, त्यात मोठा ड्रम, ड्रमाला गुंडाळलेला तारेचा दोर. भरलेल्या वाघिणी स्वतःच्या वजनाने खाली उतरायच्या आणि त्याच दोराने रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जायच्या. इंजिन नाही, फक्त ब्रेक. हे माहीत नसेल तर आपण ड्रमघराचा बाहेरून एक फोटो काढून पुढे निघतो. माहीत असेल तर ड्रमामागे उभं राहून खाली बघतो, आणि दोराची वाट, उतार, तळाशी पेरिस तलाव असं सगळं एका रेषेत येतं. मग दरीच्या पलीकडे जाऊन टेलिफोटोने तोच उतार घ्यावा. एकावर एक रचलेले टप्पे तिथूनच नीट कळतात.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने 1959 पासून औद्योगिक बांधकामांचे फोटो काढले. 1966 मध्ये ते साउथ वेल्सच्या कोळसा खाणींतही आले होते. ढगाळ उजेड, कॅमेरा अगदी समतल, वस्तू समोरून: ही शिस्त त्यांच्याकडून जरूर शिकावी. पण ते आजूबाजूचा परिसर जवळजवळ पुसून टाकतात. ते इथे करू नये असं माझं ठाम मत आहे. इथे उतार हाच यंत्राचा अर्धा भाग होता. फ्रेममधून डोंगर कापलात तर ड्रमघर नुसती खोली उरते.

स्लेट गडद असते. कॅमेऱ्याचं मीटर तिला करडी करून टाकतं, म्हणून एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने, म्हणजे उजेड निम्म्यावर आणून, कमी करा. वर आभाळ पांढरंफटक असेल तर ब्रॅकेटिंग, म्हणजे तीच फ्रेम कमीजास्त एक्स्पोजरने घेणं, हवंच. पाऊस पडून गेला की दगडातला जांभळा-निळा रंग उघडतो, आणि लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून वरची चकाकी घालवली की तो रंग फोटोत उतरतो. इथे पाऊस अडचण नाही, माझ्या लेखी तो भाग्याचा. खाणीचं तोंड साधारण नैर्ऋत्येला असल्याने ऊन हवं असेल तर दुपारनंतर जा. वाऱ्यात ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका.

स्लेट चिरणारे कारागीर बसायचे त्या तीन भिंतींच्या शेडना ‘ग्वालिआय’ म्हणतात. चौथी बाजू उघडी असल्याने आत एकाच बाजूने मऊ उजेड येतो. छिन्नीच्या खुणा, पायाखालचा चुरा यांसाठी याहून चांगली जागा नाही. अँगलसी बरॅक्सलाही वेळ ठेवा. अँगलसी बेटावरून आलेले कामगार आठवडाभर तिथे राहत आणि शनिवारी घरी जात. समोरासमोरच्या दोन ओळी, मधे गल्ली, छपरं गेलेली. वाइड लेन्स वर झुकवलीत तर भिंती आत कलतात, म्हणून मागे सरकून समतल धरा.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. आखलेली पायवाट सोडू नका, कुंपण ओलांडू नका. टाकाऊ दगडांचे ढीग वरून स्थिर दिसतात, पाय ठेवला की सरकतात. बोगद्यात एकट्याने अजिबात जाऊ नये, साचलेल्या पाण्याखाली जमीन असेलच असं नाही. कुठे जाताय आणि कधी परतणार हे कुणाला तरी सांगून निघा. अडचण आली तर 999 वर पोलीस मागा आणि त्यांना माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचावपथक, हवंय असं सांगा. संरक्षित वास्तूची मोडतोड कायद्याने गुन्हा आहे. फ्रेम साफ करण्यासाठी जुनी अवजारं हलवणंही मला पटत नाही. ती जिथे पडली आहेत तिथेच त्यांचा अर्थ आहे.

निघण्याआधीची एक संध्याकाळ नकाशांना द्या. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर वेल्सचेही ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचे जुने नकाशे फुकट बघता येतात, आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून. ‘कोफ्लाइन’ या वेल्सच्या वारसा-नोंदींच्या संकेतस्थळावर बांधकामांची माहिती मिळते. कामगारांनी टप्प्यांना ठेवलेली ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया अशी नावं टिपून घ्या आणि परतल्यावर प्रत्येक फोटोखाली टप्प्याचं नाव, तारीख आणि कॅमेऱ्याची दिशा त्याच रात्री लिहून ठेवा.