परसातल्या कोंबड्यांसाठी पाण्याचे भांडे: कसे निवडावे, कसे राखावे

दाण्याची काळजी सगळेच घेतात, पाण्याच्या भांड्याकडे मात्र दुर्लक्ष होते. अंड्यात जवळपास तीन-चतुर्थांश पाणीच असते. भांडे कोरडे पडले की अंडी घटलीच म्हणून समजा.

१. हिशेब करा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट. एका मोठ्या भांड्यापेक्षा दोन लहान भांडी सावलीत, एकमेकांपासून लांब ठेवा. दांडगी कोंबडी दुबळीला पाण्याजवळ फिरकू देत नाही.

२. प्रकार ठरवा. उघडे पातेले सर्वात वाईट. कोंबड्या त्यात पाय घालतात, विष्ठा टाकतात. बशीवर उलटी बरणी बसवलेले प्लास्टिकचे भांडे थोड्या कोंबड्यांना पुरेसे होते. मात्र बरणीला बारीकशी चीर असली तरी हवा आत शिरते आणि सगळे पाणी वाहून जाते. विकत घेतल्यावर भरून तासभर नुसते ठेवून बघा. पारदर्शक भांडे उन्हात लवकर शेवाळते. निप्पल (चोचीने टोचले की थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या बारीक तोट्या) सर्वात स्वच्छ, पण ती तुंबत नाहीत ना, हे रोज बोटाने दाबून पाहावे लागते.

३. उंची साधा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे हेच. बशीची कड उभ्या कोंबडीच्या पाठीच्या पातळीला हवी. त्याहून खाली असेल तर उकरलेला भुसा आणि घाण थेट पाण्यात जाते. सांडलेल्या पाण्याने भुसा ओला झाला की रक्ती हगवणीच्या जंतूंना आयतेच फावते. भांडे विटांवर ठेवा किंवा टांगा. कोंबड्या वाढतील तसे वर घ्या.

४. घासा. रोज जुने पाणी ओतून टाका, नुसती भर घालू नका. बरणीत बोट फिरवा. बुळबुळीत लागले तर तो जंतूंचा थर आहे. तो विसळून जात नाही, ब्रशनेच घासावा लागतो. आठवड्यातून एकदा साबणाने घासून, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटे भिजवा, खळखळून धुवा आणि पूर्ण वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या भांड्यातही व्हिनेगर नको. आम्लामुळे जस्त पाण्यात उतरते.

५. पिल्लांचे वेगळे. लहान पिल्ले खोल पाण्यात बुडून मरतात. त्यांना उथळ बशी द्या आणि तिच्यात धुतलेले गोटे पसरा. नव्या पिल्लांपैकी दोन-चार जणांची चोच हलकेच पाण्यात बुडवली की बाकीची बघून शिकतात. ती अंगाने भरली की गोटे काढून टाका.